डोंगरी आहे, पण डोंगर कुठे गेला? मुंबईतल्या हरवलेल्या दगडखाणी ओळखायच्या कशा

(एपिसोडचा लेखी मसुदा. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर एक हात दांडीला ठेवा, आणि खिडकीत जागा मिळाली असेल तर आज जरा बाहेर बघत ऐका. आजचा विषय खिडकीतून दिसणारा आहे.

सुरुवात माझ्या आजीच्या चाळीपासून करतो. परळ आणि शिवडीच्या मधे, टेकडीच्या पायथ्याला तीन मजली चाळ. समोर रस्ता, मागे काळ्या दगडाची उभी भिंत. चाळ आणि भिंत यांच्यामधे जेमतेम दहा-बारा फुटांची गल्ली, आणि ती गल्ली म्हणजे आमचं वानखेडे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं तिथे पडीक असायचो. भिंतीला लागून चेंडू परत आला की चालू, वर झुडपात अडकला की आउट.

त्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक होतं. लहान पोरगं वाकून आत जाईल एवढं. माझ्या मोठ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, आम्हाला सांगितलं होतं की हे भुयार आहे आणि ते थेट शिवडीच्या किल्ल्यात निघतं. आत सैनिकांचे सांगाडे आहेत. चेंडू त्या भोकात गेला की मॅच संपली. आणायला कोण जाणार? तीन-चार वर्षांत आमचे किती चेंडू गेले असतील त्याचा हिशोब नाही.

मग मी मोठा झालो, बीटेक केलं, नोकरीला लागलो, आणि भुयार विसरलो. आठवलं ते दीड वर्षापूर्वी, रात्री दीड वाजता रील्स बघताना. इंग्लंडमधली काही माणसं एका शेतातल्या झुडपामागच्या खड्ड्यातून खाली उतरत होती, आणि खाली उघडलं एक अख्खं गाव. खोल्या, खांब, बोगद्यांचे चौक, गाड्यांच्या चाकोऱ्या. ती जुनी, सोडून दिलेली दगडखाण होती. मी उठून बसलो. डोक्यात एकच विचार: आजीकडचं भोक!

आधी इंग्लंडचं बघू

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला बाथ नावाचं शहर आहे. सगळं शहर मधाच्या रंगाच्या दगडाचं. हा दगड म्हणजे चुनखडक, समुद्राच्या तळाशी साचून तयार झालेला. ताजा काढला की इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, आणि हवेत वाळला की कडक होतो. बांधकामवाल्यांसाठी याच्यासारखं सुख नाही. प्रॉब्लेम एवढाच की अनेक ठिकाणी चांगला थर जमिनीच्या बराच खाली आहे. वरचं सगळं उपसत बसण्यापेक्षा लोक बाजूने बोगदा घालून थेट त्या थरातच शिरले.

१८४१ मध्ये इसंबार्ड ब्रुनेल या इंजिनिअरने तिथेच रेल्वेसाठी सुमारे ३ किलोमीटरचा बॉक्स बोगदा पूर्ण केला. बोगदा खणताना चांगल्या दगडाचे जाड थर उघडे पडले, आणि शेजारच्या कॉर्शम गावाखाली खाणींचं जाळंच पसरलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात यातल्या काही खाणींत दारूगोळ्याची कोठारं केली, एकीत विमानांच्या इंजिनांचा कारखाना काढला. नंतर शीतयुद्धात, अणुबॉम्ब पडलाच तर सरकारने लपायचं कुठे, तर इथे, म्हणून एका खाणीत छोटं शहरच बांधलं. ते २००४ पर्यंत गुपित होतं.

आता मुद्द्याचं. सापडलेलं भोक खाणीचंच आहे हे तिथले लोक ओळखतात कसं? खुणा ठरलेल्या आहेत. कामगार आधी छताला लागून लांब दांड्याच्या कुदळीने एक फट पाडायचे, म्हणून छताजवळ कुदळीचे तिरपे ओरखडे दिसतात. मग त्या फटीतून करवत घालून खाली कापायचे, म्हणून भिंतीवर करवतीच्या सरळ रेषा. छत पडू नये म्हणून मधेमधे दगडाचे जाड खांब तसेच सोडलेले. जमिनीवर गाड्यांच्या चाकोऱ्या. भिंतीला दिव्याची काजळी, आणि कुठेतरी कोळशाने केलेला ठोकळ्यांचा हिशोब. एवढं दिसलं की ओळख पटली.

ही यादी मी मोबाईलमध्ये उतरवून घेतली आणि गेल्या मे महिन्यात, चाळ रिकामी व्हायच्या आधी, दादाला घेऊन गेलो. हो, चाळ पुनर्विकासात जातेय. त्यावर शेवटी येतो.

आणि आमचा पोपट झाला

आत शिरलो नाही. हे मुद्दाम सांगतोय. कुठल्याही अनोळखी भोकात शिरू नका. आत साप असतो, कुजका वायू असतो, आणि मुंबईत कुठून पाणी सुटेल याचा नेम नाही. आम्ही तोंडाशी बसलो आणि चांगल्यातली टॉर्च मारली.

यादीतलं एकही लक्षण जुळेना. खांब नाहीत, चाकोऱ्या नाहीत, काजळी नाही. हातभर आत गेल्यावर खडक संपत होता आणि चुन्यात बांधलेली घडीव दगडांची कमान सुरू होत होती. तळ आपल्याकडे उतरता होता, गुळगुळीत होता, मधोमध गाळाची रेघ होती. पंधरा-वीस फुटांवर वळण, आणि वळणावर मातीच्या जुन्या पाइपचं तोंड.

दादा म्हणाला, “हे गटार आहे.”

आम्ही दोघं तिशीला टेकलेले घोडे, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि वर गॅलरीत आजी. ती म्हणाली, “गटारच आहे ते. वरच्या रस्त्याचं पाणी येतं त्यातून. मला कोणी विचारलं होतं का?”

वीस वर्षं. वीस वर्षांत आजीला कोणीच विचारलं नव्हतं.

मुंबईत ‘भुयार’ सापडलं म्हणजे नक्की काय सापडतं?

यात फक्त आम्हीच फसलो असं नाही. मुंबईत कुठेही जमिनीखाली पोकळी सापडली की बातमीचा मथळा ठरलेला: ‘ब्रिटिशकालीन भुयार सापडलं’. मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं दुसरं टोक कुठे निघतं ते ठरतं. कधी किल्ल्यात, कधी समुद्रात, कधी थेट मुंब्र्याला.

खरी उदाहरणं बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये मलबार हिलवरच्या राजभवनात, कित्येक दशकं बंद असलेली एक भिंत फोडली. आत सुमारे १५० मीटर लांबीचं, १३ खोल्यांचं भूमिगत बांधकाम निघालं. इथे ओळखायला फारसं डोकं लावावं लागलं नाही, कारण खोल्यांवर नावंच होती: तोफगोळ्यांची खोली, काडतुसांची खोली, वर्कशॉप. हवा खेळायची सोय होती, पाणी निघून जायची सोय होती. तो होता तोफांसाठीचा बंकर. आता तिथे संग्रहालय आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात, नर्सिंग कॉलेजच्या सुमारे १३० वर्षं जुन्या इमारतीखाली २०० मीटरचं ‘भुयार’ सापडलं. पण ते इमारतीच्या पायाबरोबर जातं, विटांचे खांब आणि कमानी आहेत. म्हणजे इमारतीनेच स्वतःखाली ठेवलेली पोकळी.

तर मुंबईकरांसाठी यादी सोपी करून सांगतो. वर इमारत आहे आणि पोकळी तिच्याच आकाराची आहे: तळघर. खोल्या, जाड दारं आणि हवेची भोकं आहेत: लष्करी. तळ एका दिशेने उतरता, आत कमान, खाली गाळ: पाण्याची वाट. खडकात कोरलेलं, चौकोनी, पाण्याने भरलेलं: टाकं. आणि आत बसायला कट्टा, खांबांवर घडणावळ, तर ते लेणं. घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, महाकाली बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या यादीत दगडखाण कुठेच नाही. बाथसारखी जमिनीखालची खाण मुंबईत नसते. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग प्रश्न पडला: का नसते? आणि आख्ख्या फोर्टमधल्या त्या दगडी इमारती, ते डॉक, त्या समुद्राच्या भिंती, त्यांचा दगड आला कुठून?

आपला दगडच वेगळा

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच्या आसपास, दख्खनभर लाव्हाचे थरावर थर वाहिले. मुंबईत दोन लाव्हांच्या मधे कधीकधी तळी साचली, दलदल झाली. वरळीच्या टेकडीच्या अशाच थरांत छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन छापलं. ओवेन म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द बनवणारा माणूस! वरळी सी फेसला बसून भुट्टा खाताना आपल्या पाठीमागे काय काय आहे बघा.

तर बेसॉल्ट. एक, हा वर उघडाच पडलेला असतो. त्याच्यासाठी खाली कशाला जायचं? दोन, हा करवतीने कापला जात नाही, फोडावा लागतो. तीन, थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडलेल्या असतात. फोडणाऱ्याला त्या भेगा सोयीच्या, पण डोक्यावर छत म्हणून धोक्याच्या. म्हणून इथली पद्धत सरळ: टेकडी बघायची, एका बाजूने सुरुवात करायची, आणि टेकडी संपेपर्यंत फोडत राहायचं.

इंग्लंडमध्ये खाण सोडून दिली की मागे बोगदा राहतो. मुंबईत खाण सोडून दिली की टेकडीच राहत नाही, किंवा अर्धी राहते. आम्ही चुकीची गोष्ट शोधत होतो. भोक शोधायचंच नव्हतं, गायब झालेला डोंगर शोधायचा होता.

डोंगर मोजा

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुन्या बेटाला दोन कणे होते. पश्चिमेचा कणा: मलबार हिल, कंबाला हिल, वरळी. पूर्वेचा कणा: डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी, पुढे शीव. मधे सखल, भरतीला पाणी शिरायचं अशी जमीन.

पश्चिमेचा कणा अजून ठळक आहे, कारण त्याच्यावर बंगले होते. पूर्वेचा कणा शोधावा लागतो, कारण त्याच्या शेजारी गोद्या आल्या, रेल्वे आली, गिरण्या आल्या. पण नावं टिकून आहेत. गिरगाव हे नाव गिरी आणि ग्राम, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव, यावरून आलं असं मानतात. तो डोंगर मलबार हिलच्या रूपात समोर दिसतो, ठीक. पण डोंगरी? सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरीत फिरा आणि मला डोंगर दाखवा. नवरोजी हिल रोड आहे. नवरोजी हिल कुठाय?

डोंगरीची गोष्ट तर खाणींच्याही आधी सुरू होते. किल्ल्याच्या तटापेक्षा उंच टेकडी शेजारी असणं धोक्याचं, शत्रूने तिच्यावर तोफा चढवल्या तर? म्हणून १७६९ मध्ये जुन्या डोंगरी किल्ल्याची टेकडी सपाट करून फोर्ट जॉर्ज उभा केला. त्याचे अवशेष आज सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहेत. डोंगर काढून टाकता येतो हे मुंबईला तेव्हापासून माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकात मग शहराची भूक वाढली. १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे, १८४५ मध्ये माहीमचा. १८५३ मध्ये रेल्वे. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंगा-शीव पट्ट्यातल्या सखल जमिनी भराव घालून वस्तीजोग्या झाल्या. या प्रत्येक कामाला दगड, खडी, मुरूम, माती लागते. ती आकाशातून पडत नाही. जिथे आज सपाट आणि कोरडं आहे, तिथे कुठलीतरी टेकडी येऊन बसली आहे.

पुढे जवळचं संपत गेलं आणि शहर लांब हात घालायला लागलं. राजाबाई टॉवरचा पिवळसर दगड कुर्ल्याचा. म्युझियमच्या बांधकामात कुर्ल्याबरोबर मालाडचाही दगड आहे. गेटवे ऑफ इंडिया मालाडजवळच्या खारोडीच्या पिवळ्या दगडाचा. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावाचं काम निघालं, त्याच्या समुद्री भिंतीसाठी कांदिवलीला खाण उघडली आणि दगड रेल्वेने आणला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय? सुमारे २०० फूट उंचीचे बेसॉल्टचे उभे खांब, डोक्यावर गावदेवीचं देऊळ. आजूबाजूचं सगळं खोदून नेल्यावर तो एकटा उरलाय.

आपल्या किल्ल्यांवर हाच हिशोब जास्त शहाणपणाने केलेला दिसतो. ट्रेकला जाणाऱ्यांनी बघितलं असेल, अनेक किल्ल्यांवरचं पाण्याचं टाकं हीच तटाची खाण असते. दगड काढला, तट बांधला, खड्ड्यात पाणी साठवलं. एका खड्ड्यात दोन कामं.

खाण ओळखायच्या चार खुणा

आता तुमच्या एरियातली खाण शोधा. भोकात शिरायचं नाही, त्यामुळे घरचे ओरडणार नाहीत.

पहिली खूण, उभा कडा. निसर्गातली टेकडी उतरत उतरत येते. एका बाजूने उतार आणि दुसऱ्या बाजूने सुरीने केक कापल्यासारखी भिंत असेल, तर कोणीतरी कापलीय. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वर माझगावची टेकडी आहे, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. तिथे वर उभं राहून खाली बघा. किंवा शिवडीचा किल्ला. १६८० च्या सुमाराचा, १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने घेतलेला. फ्लेमिंगो बघायला जाल तेव्हा फोन जरा खाली करा आणि किल्ल्याखालची टेकडी बघा, दगडासाठी कापलेली.

दुसरी खूण, नळ्या. ही माझी लाडकी. सुरुंगासाठी खडकात भोक पाडतात, त्यात दारू ठासून उडवतात. खडक त्या भोकातूनच फाटतो. अर्धा भाग निघून जातो आणि उरलेल्या भिंतीवर अर्ध्या नळीसारखी उभी खाच राहते, बांबू उभा चिरल्यासारखी. मशीनची नळी शेवटपर्यंत एकसारखी गुळगुळीत असते. पहार आणि घणाने हाताने पाडलेली नळी खाली जाताना किंचित निमुळती होते, कारण खोल जाताना पहारीचं टोक बदलून लहान घ्यावं लागायचं.

तिसरी खूण, पाचरींच्या खाचा. एका ओळीत, सारख्या अंतरावर, काडेपेटीएवढ्या चौकोनी खाचा दिसल्या तर तिथे पाचर ठोकून दगड सरळ रेषेत फोडायचा प्रयत्न झालाय. ओळ आहे पण दगड तिथेच आहे? मग काम अर्धवट राहिलं. का राहिलं असेल याचा विचार करत मी एकदा एका ओळीसमोर अर्धा तास बसलोय.

चौथी खूण तुमच्या फोनमध्ये. जुने नकाशे आणि उंचीचा डेटा. १८७२ मध्ये पूर्ण झालेला लॉटनचा मुंबईचा सर्व्हे इतक्या मोठ्या स्केलवर आहे की एकेक घर दिसतं. नकाशात टेकडीच्या उतारावर बारीक रेघा काढलेल्या असतात. दुसरीकडे आजच्या जमिनीच्या उंचीचा उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. मी दोन्ही एकावर एक ठेवले. पहिल्या रात्री लालबागमध्ये मला भलामोठा डोंगर सापडला आणि मी उड्या मारल्या. सकाळी कळलं, तो टॉवर आहे. या डेटामध्ये इमारतींची उंचीही मिसळते. त्यामुळे नकाशावर संशय घ्यायचा आणि पक्कं करायला चालत जायचं.

आजीची भिंत

परत आजीकडे येऊ. गटाराचा साक्षात्कार झाल्यावर आम्ही हात धुवायला वळलो. चार वाजले होते, ऊन तिरपं झालं होतं आणि पहिल्यांदाच मी त्या भिंतीकडे नीट बघितलं. ज्या भिंतीवर आम्ही खडूने स्टंप काढायचो, तिच्यावर उभ्या अर्ध्या नळ्या होत्या. एक, दोन, तीन. आम्ही अकरा मोजल्या. खाली निमुळत्या होत गेलेल्या, हाताने पाडलेल्या. एक तर बरोबर आमच्या ऑफ स्टंपच्या जागी.

आम्ही लहानपणभर खाणीत क्रिकेट खेळत होतो आणि खाण शोधायला भोकात बघत होतो.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, तिचे सासरे सांगायचे की चाळ नवीन होती तेव्हा बाजूला अजून सुरुंग लागायचे. आधी माणूस ओरडत यायचा, मग बायका खिडक्या लावायच्या, पोरांना आत घ्यायच्या. कपाटातल्या बश्या वाजायच्या. आणि दगड फोडणारी माणसं तिथेच पालं टाकून राहायची, बायका पोरं पाठीशी बांधून खडी फोडायच्या.

मुंबईत आणि महाराष्ट्रभर हे काम पिढ्यान् पिढ्या ज्यांनी केलं त्यांत वडार समाज मोठा. राजाबाई टॉवरला राजाबाईंचं नाव आहे, आर्किटेक्टचं नाव पुस्तकात आहे. पहार धरणाऱ्याचं आणि घण मारणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्यांची सही म्हणजे या नळ्या. अकरा सह्या आमच्या गल्लीत होत्या.

आता दुसरी बाजू, जी मला आवडत नाही पण सांगायला हवी. आजी पावसाळ्यात मागच्या खोलीत झोपायची नाही. आम्हाला वाटायचं ओल येते म्हणून. मुसळधार रात्री मागच्या रांगेतली सगळीच बिऱ्हाडं पुढच्या गॅलरीत अंथरुणं घालायची, आणि आम्हा पोरांना ती मजा वाटायची. त्या दिवशी आजीने सांगितलं की माझ्या जन्माच्या आधी एकदा वरून दगड सुटला होता आणि मागच्या मोरीचा पत्रा फोडून आत आला होता. रात्री दोन वाजता. मोरीत कोणी नव्हतं, एवढंच.

सुरुंगाने फोडलेला कडा आतून खिळखिळा असतो. भेगांत पाणी जातं, झाडांची मुळं जातात. जुलै २००० मध्ये घाटकोपरला डोंगराची दरड वस्तीवर कोसळून ६० हून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या पावसात मलबार हिलचा उतार केम्प्स कॉर्नरजवळ झाडांसकट रस्त्यावर आला. श्रीमंत वस्तीत संरक्षक भिंत लगेच उभी राहते, गरीब वस्तीत दर जूनला नोटीस येते. कापलेल्या टेकडीच्या पायथ्याची जागा स्वस्त असते, म्हणून तिथे राहायला कोण जातं हे वेगळं सांगायला नको.

बाथजवळ कूम डाऊन नावाचं गाव आहे. तिथल्या शेकडो घरांच्या खाली जुन्या खाणी पोकळ होत्या, काही ठिकाणी छत अगदी पातळ राहिलं होतं. आधी त्यांनी खाणी कुठे आहेत ते शोधलं, मोजलं, नकाशा केला, आणि मग या शतकाच्या पहिल्या दशकात हलकं काँक्रीट भरून त्या पक्क्या केल्या. त्यांच्या खाणी घराखाली, आपल्या घरामागे. म्हणून मला वाटतं, खाण ओळखणं हा रीलपुरता छंद राहू नये. आपल्या मागची भिंत निसर्गाची आहे की सुरुंगाची, हे तिथे झोपणाऱ्याला माहीत असायला हवं.

जाता जाता

आजीच्या चाळीच्या जागी टॉवर येतोय. त्या भिंतीवर जाळी मारून सिमेंट फवारणार आहेत. ते व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. आजी आता आमच्याकडे आहे आणि मागच्या खोलीत झोपते. फक्त सिमेंट लागायच्या आधी दादा आणि मी जाऊन अकराही नळ्यांचे फोटो काढले, बाजूला पट्टी धरून. एक फोटो आजीचा, भिंतीला हात लावून. तिला तो अजिबात आवडलेला नाही, केस नीट नव्हते म्हणून.

आणि हो, भुयारांचा शहराला आलेला कंटाळा आता संपलाय. कोस्टल रोडसाठी ‘मावळा’ नावाच्या मशीनने गिरगाव चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत मलबार हिलखालून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले. मेट्रो ३ कुलाब्यापासून गिरगाव, दादर करत जमिनीखालून जाते. शंभर वर्षांनी कोणीतरी पोरगं त्यांतल्या एखाद्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हणेल, हे थेट शिवडीच्या किल्ल्यात निघतं. म्हणू दे.

तुमच्या चाळीमागे, शाळेमागे, स्टेशनच्या बाजूला अशी उभी भिंत असेल तर या रविवारी संध्याकाळी चारनंतर जा, तिरप्या उन्हात. नळ्या मोजा, लांबून फोटो काढा, कड्याखाली रेंगाळू नका. आणि त्याच्याही आधी घरातल्या आजीला विचारा. आमची वीस वर्षं वाचली असती.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.